त्या ‘हौ’चा दुसरा भाग

आमच्या गावच्या नाटकाचा दुसरा भाग काढावा की काढू नये, यावर माझं मत कोणी मागितलेलं नव्हतं. तरी मी देते. त्या नाटकात पोरीचं काम केलेली बाई मी एकटीच आहे. माझ्या आधी पोट्टे लुगडं नेसून ते काम करायचे, आणि माझ्यानंतर गावातल्या कोणत्याच बापानं आपली पोरगी त्या कामाला दिली नाही. का दिली नाही ते पुढं येईलच.

आधी मूळ नाटक सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं. नवरात्रात देवीपुढं दरवर्षी हेच एक नाटक व्हायचं, अजूनही होतं. मधे दुसरी नाटकं बसवून पाहिली, सामाजिक वगैरे. लोक पहिल्या अंकातच पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. हे नाटक मात्र सगळ्यांना तोंडपाठ असून बघतात. सोयाबीन सोंगून-कापून हात सोलवटलेले असतात, टाळी वाजवली की झोंबतं, तरी वाजवतात. लिहिलं होतं गावातल्याच एका मास्तरांनी. ते शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं.

गोष्ट अशी. एक बाप आपल्या मुलाला घेऊन पोरगी पाहायला निघतो. एकाच नावाची दोन गावं असतात, खुर्द आणि बुद्रुक. ही मंडळी खुर्दला उतरायची ती बुद्रुकला उतरतात आणि एका घरात जाऊन बसतात. त्या घरमालकाला गाय विकायची असते. त्याला वाटतं, हे गाय पाहायला आले. मग अर्धा तास दोन्हीकडून बोलणं चालतं. “सभाव कसा हाय?” “गरीब. लाथ मारत नाही.” “खाते किती?” “घालान तितकं.” “घरातल्या लेकराबाळाईशी कशी वागते?” “चाटते.” शेवटी घरमालक अभिमानानं सांगतो की दोन वेतं झाली, आता तिसऱ्यांदा गाभण हाय, आणि मुलाचा बाप बाजेवरून खाली पडतो. इथं सगळा मंडप हसतो. इतक्या वर्षांनी पण हसतो.

मग खुलासा होतो, माफी मागून होते, आणि घरमालकाची खरी पोरगी चहा घेऊन येते. मुलाचा बाप घसा खाकरून म्हणतो, “चुकून आलो खरं, पन आलो तं आलो. पोरी, आमचा पोरगा तुले पसंत हाय का?” नेमकं त्याच वेळी आतून पोरीची माय ओरडते, “अवं, दूध उतू चाललं, आयकून राह्यली का?” पोरगी म्हणते, “हौ.” आणि पडदा पडतो.

महाराष्ट्राच्या पश्चिमेकडच्या लोकांसाठी सांगते, आमच्याकडे हौ म्हणजे हो. हौ म्हणजे ऐकतेय. हौ म्हणजे कळलं, आता गप्प बसा. कोणता हौ आहे ते बोलणाऱ्याच्या गळ्यावरून ओळखावं लागतं, आणि मास्तरांनी तिथंच पडदा पाडून ठेवला.

गावात त्यावरून दोन पक्ष झाले. पोरगी मुलाला हौ म्हणाली, असं मानणारे पोरवाले. आईला म्हणाली, असं मानणारे दूधवाले. पारावर, ओट्यावर, एसटीत, कुठंही हा वाद निघायचा आणि शहाणीसुरती माणसं तावातावानं बोलायची. माझं निरीक्षण असं की ज्याच्या घरी पोरगी लग्नाची असते तो पोरवाला असतो, आणि देऊन पस्तावला की दूधवाला होतो. दोन्ही पक्षांत जाऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. मास्तरांना विचारलं तर ते म्हणायचे, “तुम्हाले समजलं तं मलेही सांगा.” ते गेले तेव्हाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता माझ्यावर येते. मी यवतमाळला होस्टेलमध्ये राहून बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकत होते. दसऱ्याला गावी आले होते. जो पोट्टा दरवर्षी पोरीचं काम करायचा, त्याचं लग्न ठरलं होतं आणि सासरवाडीला त्याची मिशी आवडली होती. तो काढायला तयार होईना. मास्तर आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, “तुमची पोरगी शहरात शिकून राह्यली, तिले लाज नाही.” हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं, आणि बाबांनीही ते तसंच घेतलं.

तालमीत मी मास्तरांना विचारलं, “मी हौ म्हणते ते कोणाला?” ते म्हणाले, “ते तू ठरवूच नको. तुले माहीत असलं तं तोंडावर दिसन.” म्हणून मी ठरवलं नाही. मुलाचं काम करणारा शेजारच्या आळीतला होता, नुकताच पंचायत समितीत नोकरीला लागलेला. त्याला खरी मिशी नव्हती म्हणून चिकटवलेली होती. प्रयोग झाला. मी हौ म्हटलं. टाळ्या पडल्या. एका गोष्टीचं मला समाधान होतं की माझ्याकडे पाहून कोणालाच काही कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाचे वडील दोन वडीलधारी माणसं आणि एक नारळ घेऊन आमच्या घरी आले. मुलगाही मागं उभा होता, ओठाला अजून गोंद लागलेला. त्याचे वडील म्हणाले, “पोरीनं भर मंडपात, देवीपुढं शब्द देला.” बाबा थोडा वेळ विचार करून म्हणाले, “देला खरा.” आतून आई म्हणाली, “ते दुधाले म्हटलं तिनं.” कोणी वळून पाहिलं नाही. आतून आलेल्या आवाजाकडे नाटकातही कोणी पाहत नाही.

इतकी वर्षं पोट्टे लुगडं नेसून तोच हौ म्हणत होते, कोणी नारळ घेऊन गेलं नाही. खरी पोरगी म्हणाली तर तो शब्द झाला. आमचीच माणसं अशी चूक करू शकतात. मला कोणी विचारलं नाही, कारण त्यांच्या हिशेबानं विचारून झालं होतं.

मी रडले वगैरे नाही. मला राग आला होता, फार आला होता, पण तो काढायचा कोणावर? सगळे आनंदात होते. पोरगा चांगला, नोकरीवाला, ओळखीतला, दारू पीत नाही. नाही म्हणायला एक कारण लागतं, आणि माझं कारण बेडूक होतं. आम्हाला पहिल्या वर्षाला गांडूळ आणि झुरळ कापायला होतं, बेडूक दुसऱ्या वर्षाला. मला त्याचं हृदय बघायचं होतं, कापल्यावरही बराच वेळ चालू असतं म्हणे. हे मी बैठकीत येऊन कोणाला सांगणार? उन्हाळ्यात लग्न झालं. बीएस्सी झुरळावर थांबली.

माणूस वाईट निघाला असता तर लिहायला सोपं गेलं असतं. हे तसे नाहीत. वेळेवर घरी येणारे, ताटात पडेल ते खाणारे, जरा बोलके. आणि गोष्ट सांगायचा यांना भारी शौक. कोणत्याही लग्नात पंगत बसली की कोणीतरी म्हणायचं, “भाऊ, तुमचं कसं जमलं ते सांगा ना.” मग हे सांगायचे, नारळासकट, गोंदासकट. शेवट ठरलेला, “आमचं ना लव्ह मॅरेज, ना अरेंज मॅरेज. आमचं स्टेज मॅरेज.” लोक हसायचे. मीही हसायचे. चांगलं वाक्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण इतक्या वर्षांत ते वाक्य ऐकताना माझा घास एकदाही सरळ खाली गेलेला नाही.

हे निवृत्त झाले, पोरं आपापल्या गावी गेली, आम्ही राळेगावला घर बांधून राहतो. मागच्या पावसाळ्यात गावच्या मंडळाचा नवा अध्यक्ष आला. तरुण आहे, मोबाईलचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, “काका, आजकाल सगळ्याचा पार्ट टू येते. पब्लिक इचारून राह्यली का पोरीनं हौ म्हटलं तं कोनाले म्हटलं. एकदाचं क्लिअर करून टाकू. तुम्ही लिहा, अन् काम तुम्ही दोघंच करा.”

मी म्हटलं, “पब्लिकला सांग, दूध उतू गेलं.”

तो म्हणाला, “हे टाका काकू त्याच्यात. मस्त हाय.”

यांना तर तेच पाहिजे होतं. आठवडाभर टेबलाशी बसून लिहिलं, झेरॉक्सच्या दुकानातून टाईप करून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी चष्मा लावून वाचायला बसले. पडदा उघडतो, लग्नाला बरीच वर्षं झालेली, नवराबायको अंगणात बसलेले. नवरा बोलतो. पहिल्या भेटीबद्दल बोलतो, संसाराबद्दल बोलतो, पोरांच्या शिक्षणाबद्दल बोलतो. विनोद चांगले होते. स्टेज मॅरेज पण होतं. बायको म्हणते, “हौ.” पान उलटलं. बायको म्हणते, “हौ ना.” शेवटाकडे एकदा “हौ तं” म्हणते, तिथं कंसात ‘लाजून’ असं लिहिलेलं होतं.

“यात मी बोलतच नाही,” मी म्हटलं.

“मूळ नाटकात तरी कुठं बोलते तू? म्या तेच सूत्र ठेवलं.”

“सूत्र गेलं चुलीत. मी दिवसभर बोलते. या घरात माझ्याशिवाय कोण बोलतं? आणि तुमच्या कानात तेवढं हौच राहिलं?”

हे गोंधळले. खरोखर गोंधळले, सोंग नव्हतं. मग म्हणाले, “तं तुझे डायलॉग तूच लिही ना.”

मी त्याच कागदांच्या पाठीवर लिहायला बसले. मुलाचा बाप विचारतो, पोरगा पसंत हाय का. आतून आई ओरडते. पोरगी आधी आत जाऊन दूध उतरवते, मग बाहेर येऊन सांगते, “नाही. मला शिकायचं आहे.” पाहुणे चहा पिऊन बसनं परत जातात. पुढच्या प्रवेशात पोरगी यवतमाळला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, समोर ट्रेमध्ये बेडूक. तिथवर लिहिताना मला इतकं बरं वाटलं की भाजी करपली ते कळलं नाही. पुढं ती प्राध्यापिका होते, विद्यार्थ्यांना रागावते. मग मात्र गाडी अडली. रागावून झाल्यावर तिनं कोणाशी बोलावं हे मला सुचेना. नाटकातली सगळी माणसं बसमध्ये बसून निघून गेली होती.

यांनी ते खिडकीशी उभं राहून वाचलं. एकदा मान वर करून विचारलं, “बेडूक कुठून आनाचा?”

“रबराचा मिळतो.”

पुढं वाचत गेले. शेवटचा कागद झाला तसा तो उलटून पाहिला, मागं त्यांचंच छापलेलं होतं, परत सरळ केला. मग म्हणाले, “याच्यात मी कुठाय?”

“पहिल्याच प्रवेशात परत गेले. बसनं.”

“हौ,” म्हणाले, आणि कागद माझ्या हातात देऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

नंतरचे काही दिवस हे गप्प होते. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात मी कोणाला ऐकत नाही. पण हे भांडले नाहीत. जेवायचे, पेपर वाचायचे, ‘मीठ कमी आहे का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणायचे. फुलसावंगीला नात्यातलं एक साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, तिथं पंगतीत कोणीतरी सवयीनं म्हटलं, “भाऊ, ते तुमचं सांगा ना.” हे म्हणाले, “जाऊ द्या ना आता,” आणि वरण वाढून घेतलं. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट न ऐकता जेवले. जेवण गेलं नाही. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतं आहे याचा पुन्हा राग येत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोणी सांगितलं होतं मला बेडकापर्यंत लिहायला?

इकडे अध्यक्षाचे फोन सुरू झाले. तालमी धरायच्या, पोस्टर छापायचं, काकूंचा साडीतला फोटो पाठवा. हे म्हणायचे, “रविवारी सांगतो.”

रविवारी जेवणं झाली. मी पुढच्या खोलीत अंबाडीची भाजी निवडत बसले होते. घरात हे बरमुड्यावर असतात. त्या दिवशी आतून आले ते पॅन्ट घालून, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले.

“कुठं चालले?” मी विचारलं.

“कुठं नाही.”

खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मी भाजी निवडत राहिले. मग म्हणाले, “मले वाटत होतं, तुले इचारलं आहे. म्हंजे माह्या बाबानं इचारलं, तू सांगतलं, झालं. म्या पुढं इचारच केला नाही त्याचा.” खुर्ची जरा पुढं सरकवली. “तं आता इचारतो. मी पसंत होतो का तुले?”

माझे हात थांबले. हा प्रश्न मी एवढी वर्षं मनात इतक्या वेळा कोणाकोणाला विचारायला लावला होता, की उत्तर तयार असायला पाहिजे होतं. तयार नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “तेव्हा नव्हते. तुमच्यात काही खोट होती म्हणून नाही. मला तेव्हा कोणीच नको होतं.”

यांनी मान हलवली. मग विचारलं, “अन् आता?”

“आता आहात.”

“कवापासून?”

हे मला माहीत होतं. माझी आई शेवटच्या वर्षी आमच्याकडे होती. तिला ऐकू येईनासं झालं होतं. सगळे तिच्या आजूबाजूला बोलायचे, तिच्याशी कोणी बोलायचं नाही, मी सुद्धा कंटाळायचे. हे मात्र ऑफिसातून आले की तिच्या खाटेवर बसून, तिच्या कानाला तोंड लावून, दिवसभरात ऑफिसात काय झालं ते ओरडून सांगायचे. कोणाची बदली झाली, कोण साहेबावर चिडलं. ती त्यातल्या एकालाही ओळखत नव्हती. पण वाट पाहायची. एक दिवस मी दारात कणकेच्या हातानं उभी राहून ते ऐकत होते आणि मला वाटलं, बरं झालं बाई, हा माणूस आपल्या घरात आहे. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, “हे तं लय उशिरा झालं.”

“झालं खरं. पण आधी विचारलं असतं तर आधी ‘नाही’ ऐकावं लागलं असतं.”

“आयकलं असतं,” म्हणाले. मग शर्टाची बाही नीट करत विचारलं, “नाटकाचं काय करू? त्याले आज सांगतो म्हटलं.”

मी म्हटलं, नको. मूळचं आहे तसं राहू द्या. मास्तरांनी ते अर्धं सोडलेलं नाही, गावानं आपापलं उरलेलं त्याला जोडून घेतलं आहे. आपण स्टेजवर उभं राहून पोरवाले बरोबर म्हटलं तर ते खोटं, दूधवाले बरोबर म्हटलं तरी पुरतं खरं नाही. आणि जे खरं आहे ते ऐकायला त्या अध्यक्षाची पब्लिक कशाला पाहिजे? तुम्ही ऐकलं, झालं.

फोन वाजला. त्याचाच होता. आमच्या घरात फोन वाजतो, पण बोलण्याइतकी रेंज मिळत नाही, म्हणून हे बाहेरच्या फाटकाशी जाऊन बोलतात. मला आतून ऐकू येत होतं, खिडकीतून दिसतही होतं.

“नाही, दुसरा भाग होत नाही... अरे लिहून झाला होता, तसं काही नाही... तब्येत ठनठनीत आहे दोघाईची... ती नाही म्हनते.” मग तिकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं, बहुधा काकूंना समजवा वगैरे. हे म्हणाले, “समजवाचं काय त्याच्यात? इचारलं मी तिले.”

तिकडे नीट गेलं नसावं. समोरच्या घरची बाई कपडे वाळत घालता घालता थांबून यांच्याकडे पाहू लागली, पण यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. हे फाटक धरून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, “इचारलं म्हनतो ना बाप्पा. तिले इचारलं मी.”